एकही बाई गळाली नाही

माझा धंदा रक्त तपासायचा. बीडमध्ये तीस-बत्तीस वर्षं मी पॅथॉलॉजीची लॅब चालवली, त्यामुळे गावात निम्मे लोक मला ओळखतात ते त्यांच्या साखरेमुळे. याच लॅबच्या वरच्या खोलीत बसून मी एकोणीस वर्षं एक वैद्यकीय त्रैमासिक संपादित केलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना कळलं त्यांनी ‘संपादक’ हा शब्द ऐकून आपापल्या कविता आणून दिल्या. एक निवृत्त तलाठी तर दोन वर्षं दर महिन्याला यायचे. आम्ही कविता छापत नाही, असं सांगितलं की म्हणायचे, आरोग्यावरच आहे मॅडम, वाचून तर बघा.

तर आधी हे काम काय असतं ते सांगते. एखादा डॉक्टर काही वेगळं बघतो किंवा मुद्दाम तपासतो. उदाहरणार्थ, अमुक औषध तमुक रीतीने दिलं तर काय होतं. तो ते लिहून आमच्याकडे पाठवतो. आम्ही त्यावरचं नाव काढतो आणि त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे धाडतो. त्यांना परीक्षक म्हणतात. हे लोक फुकट काम करतात, त्यामुळे त्यांच्या मागे लागणं हा संपादकाचा अर्धा दिवस. त्यांचे शेरे आले की छापायचं की नाही ते मी ठरवायचं. छापलं की आमचं काम संपतं आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. कारण मला कधीही न भेटलेला कुणी डॉक्टर तो कागद वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवून आपल्या पेशंटची गोळी बदलतो. लॅबमध्ये रिपोर्ट चुकला तर एकाचं नुकसान होतं. इथे चुकला तर किती जणांचं झालं हे कळतसुद्धा नाही.

नमुने पुष्कळ भेटले. एकाने दम्यावर निबंध पाठवला, सगळे रुग्ण बीड जिल्ह्यातले. वाचता वाचता एक वाक्य आलं: जोरदार हिमवर्षावामुळे काही रुग्ण तपासणीस येऊ शकले नाहीत. मी फोन करून विचारलं, डॉक्टर, आपल्याकडे बर्फ कधी पडला? गडी जराही अडखळला नाही. म्हणाला, टायपिस्टची चूक आहे. दुसऱ्या एकाने लेखक म्हणून चार नावं दिली होती. त्यातल्या शेवटच्या नावापुढे पदवीच नव्हती. हे गृहस्थ कोण, म्हटलं तर सासरे. निबंधात त्यांचं काम काय, तर दवाखान्याची जागा त्यांची आहे. मी सांगितलं, त्यांचे शेवटी आभार मानता येतील, पण ज्याने काम केलं नाही त्याचं नाव लेखकांत घालता येणार नाही. सासऱ्यांना आभार पुरणार नव्हते, म्हणून जावईबापूंनी निबंधच परत नेला.

या गोष्टी मी मेजवान्यांत रंगवून सांगत आले. पुढची कुठे सांगितली नाही. त्वचारोगावरच्या एका निबंधात एका बाईचा फोटो होता. रिवाजाप्रमाणे डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली. आम्ही छापला. दोन महिन्यांनी लिंबागणेशकडचा एक माणूस लॅबमध्ये आला आणि त्याने मोबाईलवर आमचं पान पुढे केलं. डोळे झाकले होते, पण त्या बाईच्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं आणि ते स्वच्छ वाचता येत होतं. फोटो गावात सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. ती त्याची बहीण. तो भांडला नाही. हे पुसता येतं का, एवढंच त्याने विचारलं. इंटरनेटवरून आम्ही काढलं, छापलेल्या अंकांचं काय करणार? चौकशी केली तर तिची संमती होती ती उपचाराला. फोटो छापायला तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मी तो कागद मागून पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून मी नियम केला. पेशंटची लेखी संमती असल्याशिवाय काही छापायचं नाही, आणि संमतीच्या व तपासणीच्या कागदांच्या प्रती आमच्या खोलीत खोक्यात ठेवायच्या. त्या प्रतींवरची नावं लेखकाने आधीच काळी करून पाठवायची. निम्मे लोक तशीच पाठवत. मग ते काम आमच्या मंदाबाईवर यायचं.

मंदाबाई माझ्याकडे लॅबमध्ये कामाला होती. बाटल्या धुणं, झाडणं, पोस्टात जाणं, सगळं तीच करायची. नेकनूरच्या पुढे आत एक वाडी आहे, तिथली. लग्नानंतर चौदा वर्षं ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. पाठीच्या दुखण्याने कोयता सुटला आणि माझ्याकडे आली. सातवी शिकलेली, अक्षर ओळखायला पक्की. आमच्या त्रैमासिकाला ती ‘बुक’ म्हणायची आणि त्यात काय असतं याबद्दल तिचं फारसं चांगलं मत नव्हतं.

आता विक्रम. डॉक्टर विक्रम हा कड्याकडचा, बागायतदार घरातला मुलगा. घरात राजकारण, चुलते पुढारी. याने मात्र डॉक्टर होऊन जिल्ह्यातच राहायचं ठरवलं, याचं मला कौतुक होतं. एका रुग्णालयात, त्याचं नाव इथे नको, तो स्त्रीरोग विभागात होता. शिकत असताना सुट्टीत माझ्या लॅबमध्ये येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. त्याने पहिला निबंध पाठवला तेव्हा मी तो परत केला होता. गरोदर बायकांचा अभ्यास होता आणि निम्म्या बायका पुढच्या तपासणीला आल्याच नव्हत्या. मी लाल शाईने शेरा मारला: माहिती अपूर्ण, रिकामे रकाने फार, अशा कामाचा उपयोग नाही. माझी लाल शाई जरा फाजीलच चालायची. आपण किती कडक आहोत याचा मला तेव्हा अभिमान होता.

तीन वर्षांनी त्याने दुसरा निबंध पाठवला. गरोदर बायकांना रक्त वाढावं म्हणून लोहाच्या गोळ्या देतात, रोज एक. बायका कंटाळतात, पोट बिघडतं, गोळ्या डब्यात पडून राहतात. विक्रमने विचारलं होतं की आठवड्यातून एकदाच गोळी दिली तर भागतं का? चार वाड्या निवडल्या, बायकांचे दोन गट केले. एकांना रोज, दुसऱ्यांना आठवड्याला एक. महिन्याला एक अशा सहा भेटी, दर भेटीला घरी जाऊन बोटातून रक्त घ्यायचं. निष्कर्ष असा की दोन्ही गटांत रक्त सारखंच आणि चांगलं वाढलं. म्हणजे आठवड्याची एक गोळी पुरते.

आणि एकही रकाना रिकामा नव्हता. सहा महिन्यांत एकही बाई गळाली नव्हती. अभ्यासात माणसं सुटून जातात, त्याला आम्ही गळणं म्हणतो, आणि मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यांनाही ते टळत नाही. एका परीक्षकाने लिहिलं, ग्रामीण भागात अशी चिकाटी विरळा. मी तर पुढे जाऊन संपादकीयात दोन परिच्छेद त्यावर खर्ची घातले. आपल्या मातीतल्या मुलाने कसं दाखवून दिलं, वगैरे. आज ते वाचवत नाही.

अंक निघाला. नियमाप्रमाणे आधीच यायला हवं होतं ते कागदांचं खोकं विक्रमकडून महिन्याभराने आलं; त्याचं म्हणून मी थांबले नव्हते. त्याने नावं काळी केली नव्हती. मी रागावून त्याला फोन केला आणि मंदाबाईला काळा मार्कर दिला. ती वरच्या खोलीत खाली बसून एकेक कागद घेत होती. थोड्या वेळाने खाली आली, हातात दोन कागद.

“म्याडम, ही सुनीता माझी भाची हाय,” ती म्हणाली. “ह्या कागदावर तिची सही हाय ती तिचीच. नववी शिकलीय ती. मग ह्या दुसऱ्यावर आंगठा कावून?”

मी कागद पाहिले. एक पहिल्या भेटीचा, भाद्रपदातला, खाली वळणदार सही. दुसरा सहाव्या भेटीचा, मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला, खाली अंगठा. भेट घरी झाली, गाव तेच. रक्त अकराच्या वर. शेजारी लिहिलेलं, गरोदर, तब्येत ठीक. मी म्हटलं, हाताला काही लागलं असेल. मंदाबाईने मानेनेच नाही म्हटलं. मग तिने सांगितलं ते असं. सुनीता दिवाळीच्या आधीच नवऱ्याबरोबर तोडीला गेली होती, पार खाली कोल्हापूरकडे. संक्रांतीला तिथल्या टोळीच्या तळावरून फोन आला, पोरगी आठव्या महिन्यात बाळंत होतेय. मंदाबाई माझ्याकडून रजा घेऊन गेली. त्या रजेवरून मी कुरकुर केल्याचं मला आठवलं. कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या त्या झोपडीत, बाळंतपण झालं, रक्त थांबेना, ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं आणि दोन बाटल्या रक्त चढवलं. कागदावर ज्या दिवशी सुनीता गावी, घरी, गरोदर आणि ठणठणीत होती, त्या दिवशी ती तळावर तीन आठवड्यांचं पोर घेऊन पडून होती.

“माघात आमच्या वाडीत कोन असतंय म्याडम?” मंदाबाई म्हणाली. “म्हातारी मान्सं अन् कुत्री. तुमाला ठावं न्हाई व्हय?”

मला ठाऊक होतं हो. मी नेकनूरचीच आहे. दसरा झाला की टोळ्या कशा निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं कशी चढतात, हे लहानपणापासून पाहिलं आहे. आमच्या शेतावर माघात मजूर मिळत नाहीत म्हणून वडील चिडायचे, तेही आठवतं. पण निबंध इंग्रजीत होता. त्यात वाडीचं नाव नव्हतं, ‘गाव अ’ होतं. महिने नव्हते, ‘भेट तीन’, ‘भेट चार’ होतं. मी आकडे तपासले, बेरजा तपासल्या, स्वल्पविरामसुद्धा तपासले. या बायका त्या महिन्यांत घरी असतात का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. तो विचारायला परगावचे परीक्षक कशाला हवे होते? मी कशाला होते मग?

विक्रमला बोलावलं. मी मनाशी धरूनच चालले होते की पोराने आकडे रचले. कागद पुढे टाकले आणि नको ते बोलले. त्याचा चेहरा उतरला, पण तो एकच वाक्य धरून राहिला, “मॅडम, मी एकही आकडा बदललेला नाही.” मग मी विचारलं, तू स्वतः वाडीत किती वेळा गेलास? पहिल्या दोन भेटींना गेला होता. पुढे विभागात गर्दी वाढली, म्हणून गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या कागद भरून आणून देत आणि तो दर महिन्याला गठ्ठा घेत असे. मी म्हटलं, अरे, तू कड्याचा, टोळ्या तुला माहीत नाहीत?  कारखान्याच्या बाजूला वाढलेला मुलगा. त्याने टोळ्या येताना पाहिल्या होत्या. त्या जिथून निघतात तिथलं गाव मागे कसं दिसतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

दोघं वाडीत गेलो. जून होता, टोळ्या परत आल्या होत्या. मंदाबाई बरोबर होतीच. वाडीतली आरोग्य कार्यकर्ती शोभा, पस्तिशीची, कामसू बाई. आम्हाला पाहून घाबरली, पण तिने काही लपवलं नाही. कारण आपण काही चुकीचं केलं असं तिला वाटतच नव्हतं. सायबांनी निक्षून सांगितलं होतं, एक रकाना मोकळा ठेवायचा नाही, मोकळा कागद मॅडम परत करतात. मॅडम म्हणजे मी. सुना तोडीला गेलेल्या. मग घरात जी बाई होती तिचं बोट टोचलं, तिचा अंगठा घेतला. आकडा मशीनने दाखवला तोच लिहिला, आपल्या मनचा नाही. हे ती आम्हाला दोनदा म्हणाली.

सुनीताची सासू कौसाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, “मपलंच बोट दिलतं की. ती पोरगी उन्हाची दारात उबी, कागद भरल्याबिगर तिला सायेब रागं भरतेत. सून न्हाई तर सासू हाय, म्हनलं घे.”

मला आधी हसू आलं, मग मी निबंधातले आकडे आठवू लागले. विक्रमच्या सगळ्या निबंधाचा उलगडा त्या ओसरीवर झाला. गरोदर बाईचं रक्त उतरतं, आणि या तर पोटाला चिमटा घेऊन बारा तास ऊस तोडणाऱ्या. सासू गरोदर नाही, घरीच आहे, तिचं रक्त साहजिकच बरं निघणार. म्हणून तिसऱ्या भेटीपासून सगळ्यांचं रक्त वाढलं. रोजच्या गोळीच्या गटात वाढलं आणि आठवड्याच्या गोळीच्या गटातही वाढलं, कारण सासवा दोन्ही गटांत सारख्याच होत्या. बाकीच्या तीन वाड्यांत थोड्याफार फरकाने हेच निघालं. कुठे सासू, कुठे जाऊ. एके ठिकाणी तर मागच्या आकड्यात थोडं वाढवून लिहिलेलं.

 परत येताना बीड जवळ आल्यावर विक्रम म्हणाला, मॅडम, शुद्धिपत्रक देऊ. काही भेटींत नोंदी चुकल्या असं छापू. तो का म्हणत होता ते मला कळत होतं. महिन्याभराने त्याची बढतीची मुलाखत होती आणि अर्जावर हाच निबंध पहिला होता. शुद्धिपत्रक म्हणजे ठिगळ. निबंध मागे घेणं वेगळं. मागे घेतलेला निबंध नाहीसा होत नाही. तो लेखकाच्या नावासकट तसाच राहतो, आणि त्यावर आडवं लिहिलेलं असतं की हा मागे घेतला आहे. कुणीही, कधीही, नाव टाकून शोधलं की तेच पहिलं दिसतं. आणि कारण कोण वाचतं? लोक एवढंच म्हणतात की याचा निबंध मागे घ्यावा लागला.

मी रात्रभर विचार केला वगैरे नाही. खरं सांगायचं तर मी पंधरा दिवस टाळाटाळ केली. पोराचं नुकसान होईल हे एक कारण. दुसरं कारण माझं स्वतःचं. एकोणीस वर्षांत आमचा एकही निबंध मागे घ्यावा लागला नव्हता, हे मी जिथे-तिथे सांगत असे. त्यात विक्रमचे विभागप्रमुख लॅबमध्ये येऊन बसले. त्यांचं नाव निबंधावर पहिलं होतं, आणि त्यांनी तो वाचला तरी होता की नाही याची मला शंका आहे. चहा घेता घेता म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. चूक प्रामाणिक आहे, कुणी मेलं नाही, उगीच जिल्ह्याची बदनामी कशाला? त्रैमासिक चालवणाऱ्या आमच्या संस्थेतल्या ज्येष्ठांचंही तेच मत. मीही मनातून त्यांच्याकडे कललेच होते.

तेवढ्यात एक पत्र आलं. गरोदर बायकांसाठी काम करणारा एक आरोग्य प्रकल्प, परजिल्ह्यातला. त्यांना आमचा निबंध फार आवडला होता. त्यातला तक्ता आपल्या प्रशिक्षण पुस्तिकेत छापायला परवानगी मागितली होती, कारण पुढच्या वर्षापासून आपल्या गावांत आठवड्याला एकच गोळी द्यायचा त्यांचा विचार होता. पत्र अतिशय नम्र होतं. आमच्या कार्याला शुभेच्छा दिल्या होत्या.

मी ते पत्र विक्रमला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, “सुनीताला दोन बाटल्या चढवाव्या लागल्या ना?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, लिहा मॅडम. विभागप्रमुखांशी त्याने काय बोलणं केलं ते मला माहीत नाही. त्यांचीही सही आठवड्यात आली, एवढं खरं.

निबंध मागे घेतल्याची सूचना मी नऊ वेळा लिहिली. अशा सूचनेची भाषा कोरडी असते. ‘नोंदींच्या विश्वासार्हतेअभावी’ लिहिलं की कुणाला काही कळत नाही आणि सगळे सुटतात. मी सरळ लिहिलं: तिसऱ्या भेटीपासून अभ्यासातल्या स्त्रिया ऊसतोडणीसाठी स्थलांतरित झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी घरातल्या अन्य स्त्रियांचं रक्त तपासलं गेलं. लेखकांनी आकडे रचलेले नाहीत, पण देखरेखही ठेवली नाही. शेवटी एक ओळ माझी: एकही रकाना रिकामा नसावा हा संपादकांचा आग्रह आणि स्थानिक परिस्थितीकडे त्यांचं झालेलं दुर्लक्ष या चुकीला कारणीभूत आहेत. संस्थेच्या बैठकीत ही ओळ गाळा म्हणून बराच वाद झाला. गाळली नाही. त्या वर्षाअखेर मला आता विश्रांती घ्या असं सन्मानपूर्वक सुचवण्यात आलं, शाल आणि नारळ देऊन. प्रकल्पवाल्यांनी तक्ता काढला आणि रोजची गोळी चालू ठेवली. विक्रमची बढती त्या वर्षी गेली. माझ्या त्या लाल शाईने त्याला आधी काय शिकवलं होतं हे मला माहीत आहे, म्हणून त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

सूचना छापून आली त्या दिवशी मी मंदाबाईला अंक दाखवला. तिने विचारलं, आता हे वाडीतल्या बायांना कोण सांगणार? मी म्हटलं, तशी पद्धत नसते. सूचना वाचकांसाठी असते. ती म्हणाली, “म्हंजे ज्यांचं रगत घेतलं त्यांला सोडून समद्यांला.”  एकोणीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

विक्रमला फोन केला. तो माझ्याशी फारसा बोलत नव्हता तेव्हा. पण आला, स्वतः गाडी घेऊन. अभ्यासाला दीड वर्ष होऊन गेलं होतं. शोभाने ओसरीवर पंधरा-वीस बायका जमवल्या. सुनीता पोराला कडेवर घेऊन मागे उभी होती. विक्रम उभा राहून बोलला. आम्ही तुमच्या नावाने दुसऱ्यांचं रक्त लिहिलं, चूक आमची होती, शोभाताईंची नव्हती, ते लिहिलेलं आता रद्द केलंय, गोळी रोज एकच घ्यायची, आणि तोडीला जाताना सहा महिन्यांच्या गोळ्या आमच्याकडून घेऊन जा. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकदोघी हसल्या. सासूच्या जागी सून लिहिली गेली याचं त्यांना आमच्याइतकं काही वाटलं नाही. मी मनात म्हटलं, चला, झालं.

कौसाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “सायेब, ते समदं ऱ्हाऊ द्या. चार डाव मपलं बोट टोचलं. माझं रगत कसं निगालं?”

विक्रमने माझ्याकडे पाहिलं. मग गाडीतून कागद आणले, सुनीताच्या नावाचे, तिसऱ्या भेटीपासूनचे. पहिला आकडा वाचला आणि म्हणाला, चांगलं आहे, मावशी. अगदी चांगलं आहे.

कौसाबाईने पदराने तोंड पुसलं. “बरं झालं बाबा,” ती म्हणाली. “दर म्हैन्याला टोचायचे अन् सांगत कुनीच न्हवतं. मला वाटलं कायतरी वंगाळ निगालं, म्हनून सांगंना गेले. सुनंला बी बोलले न्हाई मी.”

मी जन्मभर रिपोर्ट देत आले. विक्रम तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि उरलेले तीन आकडे त्याने तिला एकेक करून, महिन्याच्या नावासकट वाचून दाखवले.